बाबा चालू, बाबा बंद

आमच्या चिरंजीवांचा फोन दर रविवारी सकाळी येतो आणि पहिला प्रश्न पाण्याचा असतो.

"बाबा, पाणी अठ्ठावीस डिग्री दाखवतंय. बरोबर ना?"

मी फोन कानाला धरून मागच्या दारी जातो, वाकतो, पोहण्याच्या तलावात कोपरापर्यंत हात घालतो आणि सांगतो, "बरोबर आहे." माझ्या कोपराला अठ्ठावीस आणि एकोणतीस यांतला फरक कळतो असं त्याला का वाटतं, देव जाणे. पण बाप म्हटलं की उत्तर द्यावं लागतं. मग तो मीठ विचारतो. पाण्यातलं. मग पंप. मग म्हणतो, "तुम्ही बरे ना?" आणि मी "बरा" म्हणेपर्यंत त्याला दुसरा फोन आलेला असतो.

दोष त्याचा नाही, पेटीचा आहे. पंपाशेजारच्या भिंतीवर एक करड्या रंगाची पेटी बसवली आहे. ती पंप चालवते, पाणी तापवते, मीठ मोजते, तळ झाडणाऱ्या यंत्राला कामाला लावते आणि यातलं प्रत्येक काम झालं की सात समुद्रांपलीकडे चिरंजीवांच्या फोनवर कळवते. सुट्टीत नातवंडं येतील, पोहतील म्हणून त्यानं हे घर बांधलं. नातवंडं आजवर एकूण अकरा दिवस पोहली. उरलेले दिवस मी काठावर बसतो. मला पोहता येत नाही. तरी त्या पाण्याची खबरबात त्याला तासातासाला मिळते आणि माझी रविवारी, तीही अर्धी. माझं काय चाललंय हे कळवायची सोय पेटीत नव्हती. ती आपण करून घ्यावी असं माझ्या मनात आलं आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

बागेत दिवे होतेच. एक फाटकाशी, काही झाडांखाली, काही पायऱ्यांवर आणि एक माझ्या बाकाजवळ. त्यांची बटणं घरात होती. हेच दिवे जर पेटीला जोडले, तर संध्याकाळी मी बाकावर बसताना दिवा लावला की तिकडे उमटणार, लागला. उठताना विझवला की उमटणार, विझला. म्हणजे दिवसातून दोनदा पोराला कळणार की बाप येऊन बसला आणि बाप उठून आत गेला. त्यानं विचारायला नको, मी सांगायला नको.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. लोकांना सांगितलं की पायऱ्या दिसत नाहीत.

लोक म्हणजे मुख्यतः हेडबाई. शेजारच्या घरात राहतात, चाळीस वर्षं शाळा चालवून निवृत्त झाल्या आणि शाळा गेली तरी वर्ग घ्यायची सवय गेली नाही. कुंपणाच्या भिंतीला लागून त्यांनी एक स्टूल ठेवलं आहे. त्यावर उभ्या राहिल्या की त्यांचा चेहरा भिंतीवर ठेवल्यासारखा दिसतो.

"दिवे पिवळे घ्या," चेहरा म्हणाला. "पांढऱ्या उजेडात माणूस आजारी दिसतो."

"बाई, दिवे घ्यायचे नाहीत. आहेत तेच जोडायचेत."

"मग जोडताना पिवळे करून घ्या."

परवानगी लागते हेही त्यांनीच सांगितलं. घराबाहेरचं विजेचं कोणतंही काम करायचं तर वसाहतीच्या कचेरीत अर्ज द्यावा लागतो. कचेरी तो पुढे योग्य त्या खात्याकडे पाठवते. "मी लिहून देते," हेडबाई म्हणाल्या. मी म्हटलं, मी लिहीन.

यात थोडा अभिमानाचा भाग होता. मी जन्मभर फरशा बसवल्या. हाताखाली वीस माणसं होती, पण सही म्हणून अंगठा होता. साठी उलटल्यावर हिनं मला स्वयंपाकघरात उभं करून अक्षरं शिकवली, डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून. मीठ, साखर, रवा, हळद. ही गेली त्याला तीन वर्षं झाली. चिठ्ठ्या तशाच आहेत, डब्यांत बहुतेक काही नसतं. पण तेव्हापासून ज्या वस्तूवर नाव नाही ती वस्तू मला पुरती ओळखीची वाटत नाही, हे खरं.

तर अर्ज. विषयाच्या ओळीत मी लिहिलं, "पुलाच्या पेटीला दिवे जोडणेबाबत." घरात सगळे त्या तलावाला पूलच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिलं. कारणाच्या रकान्यात बराच विचार करून एकच शब्द लिहिला, "अंधार."

कचेरीतल्या कारकुनानं चष्मा वर केला. "आजोबा, अंधार हे कारण होत नाही."

"का?"

"अंधार सगळ्यांनाच असतो. सुरक्षितता लिहा."

सुरक्षितता या शब्दात क्ष आहे. क्ष माझ्या हातून अजून धड निघत नाही, त्याचं पोट सुटतं. मी "पडू नये म्हणून" असं लिहिलं. कारकुनानं ते दोनदा वाचलं, शिक्का मारला आणि अर्ज योग्य त्या खात्याकडे पाठवला.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. ते पूल व मोऱ्या विभागाकडून होतं.

"आपण उल्लेख केलेला पूल या कार्यालयाच्या नोंदीत आढळत नाही. सदर पूल कोणत्या नदीवर अथवा नाल्यावर आहे, त्याची लांबी व भार वाहण्याची क्षमता कळवावी. प्रत्यक्ष पाहणी होईपर्यंत पुलावरील वाहतूक बंद ठेवावी."

मी ते तीनदा वाचलं. मी हळू वाचतो, त्यामुळे सकाळ त्यातच गेली. वाहतूक म्हणावी तर एक बेडूक होता. त्याला कसं थांबवायचं?

कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, "पाहणीला येतील तेव्हा काय ते सांगा. आता अर्ज माझ्या हातात नाही." मी विचारलं, काम सुरू करू का? तो म्हणाला, "मी हो म्हणालेलो नाही." त्याच्या चेहऱ्यावरून मला ते हो वाटलं.

कामाला दोन माणसं लागली. पेटी बघणारा पूलवाला आणि दिवे बघणारा वायरमन. पूलवाला सडपातळ, सतत शीळ घालणारा. वायरमन जाडजूड आणि उदास. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, ते म्हणजे काम दुसऱ्याचं आहे.

"पेटीच्या आतलं माझं," पूलवाला म्हणाला. "पेटीच्या बाहेरचं यांचं."

"वायर तर आत जाते," वायरमन म्हणाला.

"मग आत गेली की माझी."

"आणि मधे, भोकात असते तेव्हा?"

या प्रश्नावर दोघं बसून राहिले. मी दोनदा चहा केला. खूप दिवसांनी तीन कप विसळले, ते काही वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर काम लांबलं याचं मला जेवढं वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटत नव्हतं. सकाळी फाटक वाजायचं. कुणीतरी "बाबा, पकड आहे का?" म्हणून हाक मारायचं. चार दिवसांचं काम बारा दिवस चाललं आणि शेवटी भोकातल्या वायरीचा मी स्वतः ताबा घेतला.

पहिल्या चाचणीत झाडांखालच्या दिव्यांचं बटण दाबलं, तर धबधबा सुरू झाला. तलावाच्या एका टोकाला दगडांवरून पाणी सोडायची सोय आहे. ती नातवंडं गेल्यापासून बंद होती. हेडबाई नेमक्या त्या टोकाला, आमच्या बाजूला येऊन, दिवे किती कोनात असावेत हे वायरमनला समजावत होत्या. त्या नखशिखान्त भिजल्या. पूलवाला शीळ थांबवून म्हणाला, "जोड बदललाय. तीनचा दोनला गेलाय."

"मला काय समजलं नाही," हेडबाई पदर पिळत म्हणाल्या, "पण चूक तुझीच आहे."

मग नावांचा प्रश्न आला. पेटीत प्रत्येक दिव्याला "जोड एक", "जोड दोन" अशीच नावं होती. हीच नावं चिरंजीवांच्या फोनवर दिसणार. मी म्हटलं, असं चालायचं नाही, चिठ्ठी नीट पाहिजे. पूलवाल्यानं त्याचा फोन माझ्या हातात दिला. "टाका बाबा तुम्हीच. फक्त आठ खुणा मावतात, काना-मात्रा धरून."

"फाटक" मावलं. "झाडं" मावलं. "पायऱ्या" हा शब्द जोडाक्षरामुळे अवघड होता, पण बसला. चौथा दिवा बाकाजवळचा. मी लिहिलं, "बाबांचा दिवा". "बाबांचा" झालं, उरलेली एक जागा मधे मोकळी सोडली, आणि पुढे फोन एक खूण घेईना.

"बाबांचा काय?" पूलवाल्यानं विचारलं.

ते बरोबर होतं. अर्धवट चिठ्ठी काय कामाची. मी मागून पुसत आलो आणि "बाबा" एवढंच ठेवलं. फोन बघताना त्याला मी आठवावा एवढाच हेतू होता.

वायरमननं बटण दाबून बघितलं. फोनवर उमटलं, "बाबा चालू."

हेडबाई पुढे वाकून वाचत म्हणाल्या, "चालू? वाटत नाही हो तुमच्याकडे बघून." मी उभ्या आयुष्यात कुणाला फसवलं नाही आणि या वयात लेखी चालू ठरलो.

चिरंजीवांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सगळं जोडून झालं की गुरुवारी त्याच्याही फोनवर नावं सोडायची आणि त्याला चकित करायचं असं ठरलं होतं. तो चकित झाला.

गुरुवारी दुपारी चारला शेवटची चाचणी होती. पूलवाल्यानं नावं तिकडे सोडली. फाटक लागलं. झाडं लागली. पायऱ्या लागल्या. बाबा लागले आणि लगेच "फट" असा आवाज होऊन विझले. वर थोडा धूर आला.

"सांधा उघडा राहिला," वायरमन उदासपणे म्हणाला. "सकाळी बागेला पाणी घातलं ना तुम्ही?"

काय जळलं ते बघायला मी वाकलो. तो दिवा पाण्याच्या अगदी काठाशी आहे. वाकलो तसा खिशातला फोन घरंगळला आणि बुडूक करून तलावात गेला. तळाशी झाडणारं यंत्र फिरत होतं. त्यानं फोन तोंडाशी धरला आणि खोल पाण्याकडे निघालं. मी काही विचार न करता लेंगा गुडघ्यावर घेतला आणि पायऱ्यांवरून आत उतरलो. कमरेएवढ्या पाण्यापर्यंत गेलो. पुढे जायची हिंमत नव्हती, मागे फिरायला लाज वाटत होती. म्हणून मधेच उभा राहिलो. पाणी अठ्ठावीस असावं.

तेवढ्यात फाटकातून एक गृहस्थ आत आले. हातात फाइल, खांद्याला मोठी टेप.

"पूल व मोऱ्या विभाग," ते म्हणाले. "पाहणीसाठी आलोय. पूल कुठाय?"

"मी त्यातच उभा आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि फाइल उघडली. याच वेळी पूलवाल्याचा फोन वाजला. त्याचं बोलणं मला पाण्यातून स्पष्ट ऐकू येत होतं.

"हां साहेब, नमस्कार, बोला... हो साहेब, बरोबर कळलं तुम्हाला. बाबा गेले... आत्ताच, पाच मिनिटं झाली. फट्कन गेले... नाही नाही, आधी काही नव्हतं, सकाळपर्यंत चांगले होते... पाणी शिरलं आत. आता दुरुस्तीत अर्थ नाही... तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका साहेब. आजच काढून टाकतो, उद्या दुसरे आणून बसवतो... हॅलो? हॅलो?"

त्यानं फोन खाली घेतला. "कट केला. साहेब रडत होते वाटतं."

"एका दिव्यासाठी?" वायरमन म्हणाला.

"लांब राहणाऱ्यांचा जीव असतो रे वस्तूंवर."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला क्षणभर लागला. मी ओरडलो, "अरे, त्याला परत फोन लाव! तो मला गेलो समजला!" पूलवाल्यानं लावला. लागेना. चिरंजीव दुसरीकडे बोलत होते. कुणाशी, ते लगेच कळलं, कारण शेजारच्या घरातून हंबरडा ऐकू आला. मग हेडबाईंचं दार आपटलं, त्यांच्या चपला वाजल्या आणि त्या डोळ्यांना पदर लावून आमच्या फाटकातून धावत आल्या. मला पाहून थबकल्या. पदर खाली आला. चेहरा लालबुंद झाला.

"हे काय! तुम्ही गेला होतात ना?"

"कुठे?"

"कुठे काय! मी रडले!" त्या म्हणाल्या. "तीन वर्षं भिंतीपलीकडून बोलतेय म्हणून रडले, आणि तुम्ही इथे डुंबताय!"

मला त्यांची माफी मागावी लागली. जिवंत असल्याबद्दल माफी मागताना कुठून सुरुवात करायची ते कळत नाही. तरी मागितली.

त्यांनी रुग्णवाहिका बोलावलेली होती. तीही आली. स्ट्रेचर घेऊन दोघं आले आणि म्हणाले, "पेशंट कोण?"

सगळ्यांनी पाण्याकडे बोट केलं. त्यांनी मला बाहेर काढलं, बाकावर बसवलं, दंडाला पट्टा बांधला आणि माझे दाब-ठोके पाहणीला आलेल्या पूलसाहेबांपेक्षा बरे निघाले, कारण बसल्या बसल्या त्यांचेही मोजले. तरी ते जाईनात. "कॉल आला की फॉर्म भरावा लागतो," मोठा म्हणाला. "पेशंटची अवस्था काय लिहू?"

"लिहा, चालू," वायरमन म्हणाला. तो पहिल्यांदाच हसला.

खाली मी सही केली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. ओल्या हातानं अक्षर फुटत होतं. मला वेळ लागतो, पण सगळे थांबले. एवढी सहा माणसं माझ्या अंगणात, माझ्या नावासाठी थांबलेली मी कधी पाहिली नव्हती. पूलसाहेब तर वाकून बघत होते.

मग हेडबाईंनी चिरंजीवांना फोन लावून तो माझ्या कानाशी धरला. पलीकडून नुसता श्वास येत होता.

"हॅलो," मी म्हटलं.

"बाबा?"

"हं."

"तुम्ही आहात?"

"आहे. दिवा गेला रे. मी आहे."

तो म्हणाला, "मला मेसेज आला. मीटिंगमध्ये होतो. 'बाबा, प्रतिसाद नाही.' मला वाटलं पूलवाल्यानं तुमच्या अंगाला काही लावलंय, पडलात बिडलात तर कळायला. तुम्हाला फोन लावला तर बंद. मग दुसरा मेसेज आला, 'बाबा यादीतून काढायचे? होय, नाही.'"

"मग तू काय दाबलंस?"

"बाबा!"

"नाही, विचारलं आपलं."

"काहीच नाही दाबलं. पूलवाल्याला फोन लावला." मग एकदम म्हणाला, "जेवलात का?"

चार वाजता कोण जेवतं. पण मी सांगितलं, जेवलो. काय जेवलात, कुणी केलं, मीच केलं, पोळ्या जमतात का, जमतात, गोल होत नाहीत. हे असं आम्ही पंधरा-वीस मिनिटं बोललो. पाण्याचा विषय निघाला नाही. हेडबाई सारखा फोन बघत होत्या, त्यांची बॅटरी संपत आली होती, पण मागितला नाही. शेवटी तो म्हणाला, "मी येतो. पुढच्या आठवड्यात येतो." मी म्हटलं, ये.

पुढच्या आठवड्यात त्याला सुट्टी मिळाली नाही. मला ते त्याच्या आधी ठाऊक होतं. त्यानं नवा फोन पाठवला.

पूल व मोऱ्या विभागाचा अहवालही आला. "पाहणीच्या वेळी सदर पूल पूर्णपणे पाण्याखाली असल्याचे आढळले. एक ज्येष्ठ नागरिक पुलाच्या मध्यभागी उभे होते. धोक्याची सूचना म्हणून दिवे लावण्यास हरकत नाही." तो मी स्वयंपाकघरात, रव्याच्या डब्याशेजारी चिकटवला आहे.

वायरमननं नवा दिवा बसवला, सांधा मेणानं बंद केला. पूलवाला म्हणाला, "बाबा, नाव बदलू या का? पुन्हा घोटाळा नको. 'जोड चार' ठेवतो." मी म्हटलं, चिरंजीवांना विचार. त्यानं विचारलं. चिरंजीव म्हणाले, राहू दे. मग दोघांनी हत्यारं गोळा केली, शेवटचा चहा घेतला आणि गेले. मी तीन कप विसळून ठेवले. दुसऱ्या सकाळी फाटक वाजलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी बाकावर येऊन बसलो. बटण आता नव्या फोनमध्ये होतं. ते शोधत होतो, एवढ्यात दिवा आपोआप लागला. मी हात लावला नव्हता. वर झाडाकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. म्हटलं, पुन्हा सांधा गेला. मग फोनवर अक्षरं दिसली. ती लावली, जुळवली. "बाबा चालू." खाली चिरंजीवांचं नाव होतं.

काही तरी उत्तर द्यायला हवं होतं. फोन लावावा तर तिकडे कामाची वेळ. शेवटी मी फाटकाचा दिवा एकदा विझवला आणि परत लावला. म्हणजे पोचलं.

तेव्हापासून असं चाललं आहे. साधारण सातच्या सुमाराला तो बाबा लावतो आणि मी फाटकानं उत्तर देतो. कधी सात वाजून पाच मिनिटांनी, कधी साडेसातला. उशीर झाला की समजायचं, काम आहे. रविवारचा फोन येतो तसा येतो. पाणी विचारतो. मी कोपर बुडवतो.

काल आठ वाजत आले तरी बाकाजवळ अंधारच होता. भिंतीवर चेहरा आला.

"अहो, आज बाबा लागले नाहीत?"

"लागतील," मी म्हटलं. "मीटिंग असेल."

"मग तुम्ही लावा की. बटण आहे ना?"

"ते मी लावत नाही. ते त्याचं आहे."

बाई काही तरी शिकवणार होत्या, पण त्यांनी नुसती हनुवटी भिंतीवर टेकवली. चेहरा तिथेच होता. बेडूक दोनदा ओरडला, यंत्र तळाशी फिरत राहिलं. थोड्या वेळानं माझ्या मनात आलं, दर वेळी त्यानंच का सुरुवात करायची? मी फोन काढला, अक्षरं शोधली आणि फाटकाचा दिवा लावला.

"कुणी यायचंय का?" हेडबाईंनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "पण तिकडे दिसलं असेल."